मदत हवी आहे: ऑनलाइन समुपदेशक बदलावा का? (उद्या रात्री चौथं सत्र)

अबोली८४:
जरा घाईत विचारतेय. ऑनलाइन समुपदेशन चालू आहे. तीन सत्रं झाली, उद्या गुरुवारी रात्री साडेनऊला चौथं. काडीचा फरक नाही. बाई ऐकून घेतात आणि विचारतात, अजून काही सांगावंसं वाटतंय का. मी नाही म्हणते. पन्नास मिनिटांतली वीस तरी अशीच गप्प जातात. एकूण सहाच मिळतात, वाया घालवायची नाहीत. समुपदेशक बदलू की ऑनलाइन हा प्रकारच सोडून देऊ? अनुभव असलेल्यांनीच लिहा. योगा, ध्यान, पहाटे उठणं नको, सगळं करून झालंय.

नर्मदाकाठ:
समुपदेशन कशासाठी? सहाच का? पैसे कोण भरतंय? त्या बाईंचं शिक्षण काय? एवढं तरी लिहा, नाहीतर आम्ही हवेत काय सांगणार?

अबोली८४:
कंपनीतर्फे आहे. ताण आहे, घर बदललंय, झोप नाही. शिक्षण पाहिलं नाही, अ‍ॅपवर नुसतं समुपदेशक लिहिलंय. माझा प्रश्न एवढाच आहे, बदलू की नको?

विलास_मुलुंड:
आधी रक्त तपासा. टीएसएच म्हणजे थायरॉइडची, आणि बी१२, डी जीवनसत्त्वांची. माझ्या बायकोची झोप वर्षभर उडाली होती, चिडचिड, रडू. आम्ही मनाचं म्हणून फिरत बसलो आणि निघाला थायरॉइड. गोळी सुरू झाल्यावर दोन महिन्यांत माणूस ताळ्यावर. बोलून थायरॉइड बरा होत नाही.

परळवाला:
ऑनलाइन सोडा. केईएम किंवा नायरला जा, मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपर काढा, रांगेत बसा, समोर डॉक्टर. माझ्या भावाला तिथेच गुण आला. स्क्रीनवर माणसाचा हात थरथरतोय हे कोणाला दिसणार?

केतकी द.:
परळवाला, त्यांनी औषध मागितलंय का? मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, ते औषध देतात. समुपदेशक बोलून मदत करतात. दोन्ही लागू शकतात, पण गल्लत नको. अबोली, शिक्षण मात्र जरूर विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नुसती समुपदेशक ही पाटी कोणीही लावतो.

परळवाला:
गल्लत नाही. दोन महिने झोप नसेल तर डॉक्टरच लागतो. भावाच्या वेळी आम्ही 'बोलून बघू' म्हणत चार महिने घालवले, त्याची चुटपुट अजून आहे.

केतकी द.:
दोन महिने असं त्या कुठे म्हणाल्या? आधी विचारा तरी.

हापूस_आणि_हिशेब:
मी एचआरमध्ये आहे. कंपनीला कळेल म्हणून तुम्ही हात राखून बोलत असाल तर सांगते, आमच्या करारात आम्हाला फक्त किती जणांनी किती सत्रं घेतली एवढाच आकडा येतो, नावं नाहीत. तुमच्याकडे काय आहे ते समुपदेशकालाच विचारा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये कलम २३ गोपनीयतेचंच आहे. जिवाला धोका असेल तर अपवाद.

अबोली८४:
कंपनीची भीती नाही. झोप मार्चपासून नाही. सगळे भलतीकडेच चाललेत. मला उद्यापर्यंत ठरवायचंय.

रात्रपाळी:
एक विचारतो. सत्राच्या वेळी तुम्ही घरात कुठे बसता?

अबोली८४:
स्वयंपाकघरात. वन आरके आहे. मधे दार नाही, पडदा आहे. बाहेर सासूबाई टीव्ही बघतात, सत्र सुरू झालं की आवाज कमी करतात, मला त्रास नको म्हणून. त्यांना कळू नये म्हणून मी इंग्रजीत बोलते.

रात्रपाळी:
आणि जे सांगायचंय ते इंग्रजीत सांगता येतंय?

अबोली८४:
नाही. ऑफिसच्या मेलसारखं होतं. "आय अ‍ॅम नॉट स्लीपिंग वेल." पुढे शब्दच येत नाहीत. आणि जे आहे ते सासूबाईंच्या कानावर पडायला नको. तक्रार नाहीये त्यांच्याबद्दल. मार्चमध्ये गिरगावची खोली रिकामी केली, चाळ पुनर्विकासात गेली. आता दहिसरला भाड्याने. त्याआधी दोन महिने सासरे गेले.

चाळकरी:
गिरगावात कुठे? उपकरप्राप्त, म्हणजे सेस भरणारी जुनी इमारत असेल तर मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली किमान ३०० चौरस फूट कार्पेट मिळायला हवं. करार नोंदणीकृत आहे ना? बिल्डरकडून भाडं वेळेवर येतंय? आमचं सात महिने थांबलं होतं. हे सगळं लेखी ठेवा, ताण निम्मा तिथेच कमी होईल.

केतकी द.:
चाळकरी, वेगळा धागा काढा ना, प्लीज.

रात्रपाळी:
अबोली, समुपदेशक बदलू नका, जागा बदला. मी पाच महिने सत्रं बिल्डिंगखाली मित्राच्या रिक्षात मागच्या सीटवर बसून केली. घरात आई, बायको, दोन मुलं. घरातून केलेल्या पहिल्या चार सत्रांत मी एकही खरी गोष्ट बोललो नव्हतो. उद्या पहिलं वाक्य हेच सांगा: बाजूला माणूस आहे, मला मोकळं बोलता येत नाही. आणि मराठीत बोललं तर समजेल का हे विचारा. त्यांना हे माहीतच नाही, तर त्या तरी काय करणार?

हापूस_आणि_हिशेब:
ऑफिसात मीटिंग रूम?

अबोली८४:
लोअर परळला काचेच्या केबिन आहेत. तिथे रडता येत नाही.

नर्मदाकाठ:
टाइप करून सत्र घेता येतं का तेही विचारा. टिसची (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आयकॉल ही समुपदेशन सेवा २०१२ पासून आहे, त्यांच्याकडे फोनसोबत ईमेल आणि चॅटही आहे. आणि मधल्या एखाद्या रात्री फारच जड गेलं तर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

स्वराची_आई:
घर बदलल्यावर मुलांवर फार परिणाम होतो. माझ्या मुलीने शाळा बदलल्यावर महिनाभर डबा खाल्ला नाही. मुलांशी रोज अर्धा तास बोला.

अबोली८४:
मूल नाही आम्हाला. पण तुमच्या लेकीचं आता बरं असेल अशी आशा.

अबोली८४ (शुक्रवार):
सगळ्यांना सांगायला आले. सेक्रेटरी काकांकडून गच्चीची किल्ली मागितली, कपडे आणायचेत म्हणून. रेंज गेली तर व्हिडिओ बंद करून नुसतं बोललो. त्याने उलट बरंच वाटलं. बाई मुंबईतच वाढलेल्या, गुजराती, मराठी नीट समजतं. त्या हिंदीत, मी मराठीत.

सासरे खोली सोडायला तयार नव्हते. मीच मागे लागले होते सहीसाठी, कॉमन संडासाला कंटाळून. डिसेंबरात त्यांनी सही केली आणि जानेवारीत गेले. हे मी घरात कोणालाच म्हटलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. काल पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं. त्या म्हणाल्या, आज काही सोडवायला नको, आज एवढंच. पन्नास मिनिटं संपली ते कळलं नाही. रात्री चार तास सलग झोप लागली.

समुपदेशक बदलत नाही. शिक्षण विचारलं, एम.ए. आणि नंतर समुपदेशनाचा डिप्लोमा, झोप अशीच राहिली तर डॉक्टरकडे पाठवीन म्हणाल्या. परळवाला, तुमचं म्हणणं त्यांनाही पटलं. विलास, रक्त शनिवारी देतेय. चाळकरी, बिल्डरकडून भाडं दोन महिन्यांचं थकलंय, यजमान बघतायत.

चाळकरी:
पावत्या आणि सगळे मेसेज जपा. वेगळा धागा काढतो, तिथे या.

रात्रपाळी:
छान झालं. जूनमध्ये पाऊस लागला की गच्ची नाही. उरलेल्या दोन सत्रांसाठी आत्ताच दुसरी जागा बघून ठेवा. जिन्याचा वरचा टप्पा चालेल का?