मदत हवी आहे: मदरबोर्ड बदलल्यापासून प्लगइनची लायसन्स 'दुसऱ्या संगणकावर' दाखवताहेत

मंद्रसप्तक

नमस्कार. विंडोज ११, रिपर ७ (रेकॉर्डिंग-मिक्सिंगचे सॉफ्टवेअर; प्लगइन म्हणजे त्यात जोडायची आवाजावर प्रक्रिया करणारी सॉफ्टवेअरे), ६४ बिट. मदरबोर्ड गेला म्हणून त्याच मॉडेलचा नवा बसवला. प्रोसेसर, रॅम, एसएसडी जुनेच, विंडोज नव्याने टाकलेले नाही. आता परिस्थिती अशी:

१. एक रिव्हर्ब (घुमारा देणारा प्लगइन) आणि एक कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारा) उघडताना ॲक्टिव्हेशनची खिडकी येते. खात्यात लायसन्स दिसते, पण 'दुसऱ्या संगणकावर ॲक्टिव्हेट आहे' असे. तो दुसरा संगणक म्हणजे हाच, जुन्या बोर्डासकट.

२. दुसऱ्या एका कंपनीचा वीसेक प्लगइनचा संच. त्यांच्या मॅनेजरमध्ये 'सगळे अपडेट करा' दाबले. आता प्रत्येक प्लगइन 'लायसन्स सापडत नाही' म्हणतो.

३. सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले वाद्यांचे नमुने वाजवणारा प्लगइन) उघडतो, पण तबला आणि तानपुऱ्याच्या लायब्ररींचे सॅम्पल सापडत नाहीत.

४. सीरियल नंबरवाला इक्यू (इक्वलायझर) मात्र ठणठणीत चालतो आहे.

कंपन्यांची नावे मुद्दाम घेत नाही. भांडण नको, उपाय हवा. शुक्रवारी एका जिंगलचे मिक्स द्यायचे आहे आणि ढोल-ताशाचे २२ ट्रॅक त्याच रिव्हर्बच्या बसवर (अनेक ट्रॅक एकत्र जातात त्या सामाईक वाटेवर) आहेत. या अवस्थेत प्रोजेक्ट सेव्ह केला तर रिव्हर्बचे सेटिंग उडेल का?

रेंडरवाला

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे चूक झाली तर परत फिरता येत नाही.

प्लगइन मुळीच सापडला नाही, तर रिपर त्याचे सेटिंग प्रोजेक्ट फाइलमध्ये जसेच्या तसे सांभाळतो. सेव्ह केले तरी ते जात नाही. धोका आहे तो अर्धवट चालणाऱ्या प्लगइनचा. लायसन्स नसताना काही प्लगइन लोड होतात, पण जुने सेटिंग उचलत नाहीत आणि कोऱ्या अवस्थेत बसतात. अशा वेळी सेव्ह केले की कोरी अवस्था जुन्या सेटिंगवर लिहिली जाते.

म्हणून आधी विंडोजमध्येच प्रोजेक्ट फाइलची वेगळी प्रत काढा. मग रिपरच्या ओपन प्रोजेक्ट खिडकीत खाली 'ओपन विथ एफएक्स ऑफलाइन' (प्लगइन बंद ठेवून उघडा) अशी चौकट आहे, तिच्यावर खूण करून प्रोजेक्ट उघडा. ऑफलाइन ठेवलेल्या प्लगइनचे सेटिंग सुरक्षित राहते. ज्यांचे लायसन्स ठीक आहे तेवढेच एकेक करून ऑनलाइन करा.

आता नावे नकोत हे ठीक, पण लायसन्सची पद्धत कळल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही. पहिल्या दोन्हींना आयलॉक (अनेक कंपन्या वापरतात ती लायसन्स सांभाळणारी यंत्रणा) लागते का? लागत असेल तर डोंगल (यूएसबीला लावायची लायसन्सची किल्ली), क्लाउड की थेट संगणक?

मंद्रसप्तक

सेव्ह केलेले नव्हते, सुटलो. आता प्रत काढली. हो, दोन्ही आयलॉकवर. डोंगल घेतले नव्हते, थेट संगणकावर ॲक्टिव्हेट केले होते. रिव्हर्बला एकच ॲक्टिव्हेशन, कॉम्प्रेसरला दोन.

खर्ज४८

मग चित्र स्पष्ट आहे. थेट संगणकावर ॲक्टिव्हेट करताना आयलॉक हार्डवेअरवरून त्या संगणकाची ओळख बनवते, आणि त्या ओळखीत मदरबोर्डाला मोठे वजन असते. बोर्ड बदलला की तिच्या लेखी हा नवा संगणक. ॲक्टिव्हेशन काढून घ्यायचे तर ते ज्या संगणकावर आहे त्यावरूनच काढावे लागते. तो आता भंगारात, म्हणून तुम्ही अडकलात.

कॉम्प्रेसर आजच सुटेल. दोनांपैकी एक ॲक्टिव्हेशन शिल्लक असेल तर ते या संगणकावर घ्या. आयलॉक लायसन्स मॅनेजरमध्ये साइन इन करा, लायसन्सवर क्लिक करून तपशील उघडा, किती वापरलीत ते दिसेल. मग ते लायसन्स ओढून डावीकडच्या संगणकाच्या नावावर टाका. एक काळजी घ्या: विंडोज तेच असल्याने एकाच नावाचे दोन संगणक दिसू शकतात. सध्या जोडलेला कोणता ते पाहूनच टाका.

मॅनेजर उघडलाच नाही किंवा संगणक डावीकडे दिसलाच नाही, तर विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीत 'पेस लायसन्स सर्व्हिसेस' शोधा. ती रनिंग आणि ऑटोमॅटिक हवी. थांबलेली असेल तर रीस्टार्ट करा. तरीही नाही जमले तर रिपर बंद करून मॅनेजर अनइन्स्टॉल, संगणक रीस्टार्ट, ताजा मॅनेजर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून इन्स्टॉल, पुन्हा रीस्टार्ट, याच क्रमाने. मधला रीस्टार्ट बरेच जण गाळतात आणि मग तीच चूक पुन्हा दिसते.

रिव्हर्बसाठी मात्र प्लगइनच्या कंपनीलाच लिहावे लागेल. आयलॉक चालवणारी पेस कंपनी दुसऱ्याचे लायसन्स परस्पर मोकळे करत नाही, तो हक्क प्लगइन विकणाऱ्याचा. मेलमध्ये पहिल्याच वेळी सगळे द्या: आयलॉकचे यूजर आयडी, प्लगइनचे पूर्ण नाव आणि आवृत्ती, खरेदीची पावती, मॅनेजरमध्ये दिसणारे जुन्या संगणकाचे नाव आणि 'मदरबोर्ड बिघडल्याने बदलला, जुन्यावरून डिॲक्टिव्हेट करणे शक्य नाही' हे एक वाक्य. बोर्डाच्या दुरुस्तीचे किंवा खरेदीचे बिल असेल तर तेही जोडा. नुसते 'माझा प्लगइन चालत नाही' असे लिहिले की आधी पाच प्रश्नांचे छापील उत्तर येते आणि दोन दिवस त्यातच जातात.

पंचमदा

तोवर आयलॉक क्लाउड वापरता येणार नाही का?

खर्ज४८

नाही. क्लाउडवर टाकायलाही ॲक्टिव्हेशन मोकळे लागते आणि यांचे एकमेव ॲक्टिव्हेशन मेलेल्या बोर्डावर बसले आहे. शिवाय क्लाउड, डोंगल, संगणक यांपैकी कुठे परवानगी द्यायची हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. सगळ्या प्लगइनना क्लाउड मिळत नाही.

क्लाउडला इंटरनेट अखंड लागते. लाइट गेली, संगणक यूपीएसवर आहे पण राउटर नाही, तर थोड्या वेळात प्लगइन लायसन्स मागायला लागतो. क्लाउड वापरणाऱ्यांनी राउटरही यूपीएसवर घ्यावा. आणि क्लाउडचे सेशन एका वेळी एकाच संगणकावर उघडते, त्यामुळे एकच खाते स्टुडिओ आणि घर दोन्हीकडे एकदम चालणार नाही.

फेडरखाली

दुसऱ्या मुद्द्यावर. तिथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत: बोर्ड आणि अपडेट.

कायमचे लायसन्स म्हणजे बहुतेक ठिकाणी 'विकत घेतली ती आवृत्ती कायमची'. पुढची मोठी आवृत्ती त्यात येतेच असे नाही. वेव्हज या प्लगइन कंपनीचे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. तिथे अपडेट प्लॅन चालू असेल तरच नव्या आवृत्तीचे लायसन्स मिळते. प्लॅन संपला असताना नवी आवृत्ती बसवली, तर ती तिचे स्वतःचे लायसन्स शोधते आणि जुने लायसन्स खात्यात शाबूत असूनही उपयोगी पडत नाही. तुमचा मॅनेजर कोणताही असो, खात्यात लायसन्सपुढे कोणती आवृत्ती लिहिली आहे ते बघा आणि इन्स्टॉल झालेली कोणती ते ताडून पाहा. फरक असेल तर नवी काढा, जुन्या आवृत्तीचा इन्स्टॉलर कंपनीच्या खात्यातून घ्या आणि तीच बसवा. घाईघाईने पैसे भरू नका, आधी हे करा.

आवृत्त्या जुळत असतील तर दोष बोर्डाचा. अशा मॅनेजरमध्ये हरवलेल्या संगणकावरचे लायसन्स परत मिळवायची सोय असते. वेव्हजच्या मॅनेजरमध्ये, म्हणजे वेव्हज सेंट्रलमध्ये, 'रिकव्हर लायसन्सेस' आहे, पण ती वर्षातून एकदाच मिळते. म्हणून अंदाजाने दाबून वाया घालवू नका. संगणक चालू असताना बदल करायचा असेल तर आधी लायसन्स क्लाउडमध्ये परत टाकणे हा सरळ मार्ग. यूएसबी पेनड्राइव्हवर ठेवायचीही सोय आहे, पण मग तो पेनड्राइव्ह गाणी न्यायला वापरायचा नाही आणि फॉरमॅट तर मुळीच नाही.

पाणी कुठे मुरते ते मार्च २०२३ मध्ये सगळ्यांनी पाहिले. वेव्हजने कायमची लायसन्स विकणे बंद करून फक्त वर्गणी ठेवली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच माघार घेतली. तेव्हापासून मी इन्स्टॉलरच्या प्रती स्वतःच्या डिस्कवर ठेवण्याच्या मताचा आहे. कंपनीच्या सर्व्हरवर जुनी आवृत्ती कायम राहील याची हमी कुणी दिलेली नाही.

रेंडरवाला

यात एक भर. जुनी आवृत्ती परत बसवल्यावर रिपरमध्ये ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, प्लगइन्स, व्हीएसटी इथे जाऊन 'क्लिअर कॅश अँड रीस्कॅन' करा. नुसत्या रीस्कॅनमध्ये आधी 'चालला नाही' म्हणून नोंदलेला प्लगइन पुन्हा तपासला जाईलच असे नाही.

प्लगइन व्हीएसटी २ की व्हीएसटी ३ (प्लगइनच्या स्वरूपाच्या जुन्या-नव्या पिढ्या) हेही पाहा. प्रोजेक्टमध्ये व्हीएसटी २ असेल आणि नव्या इन्स्टॉलरने फक्त व्हीएसटी ३ टाकले असेल, तर लायसन्स बरोबर असूनही प्लगइन 'नाही' असे दिसते. रिपरसारख्या होस्टच्या नजरेत ती दोन वेगळी प्लगइन असतात. इन्स्टॉलरमध्ये कस्टम निवडून व्हीएसटी २ची खूण आहे का पाहा.

ध्वनिमुद्रित

तिसऱ्या मुद्द्याचे लायसन्सशी देणेघेणे नाही असे वाटते. बोर्ड बदलला की डिस्क वेगळ्या सॅटा पोर्टला लागतात आणि ड्राइव्हची अक्षरे सरकू शकतात. लायब्ररी ई ड्राइव्हवर होती, आता तीच डिस्क एफ झाली, सॅम्पलर अजून ई मध्ये शोधतोय. डिस्क मॅनेजमेंट उघडा, त्या डिस्कवर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' मधून जुने अक्षर परत द्या. ते अक्षर दुसऱ्या डिस्कने घेतले असेल तर आधी तिला वेगळे द्या. कॉन्टॅक्ट या सॅम्पलरच्या लायब्ररी असतील तर त्याच कंपनीच्या नेटिव्ह ॲक्सेस या मॅनेजरमध्ये जाऊन नवी जागा दाखवता येते, पण अक्षर परत देणे कमी कटकटीचे. प्रोजेक्टमधल्या ऑडिओ फाइल्सचे पत्तेही त्यानेच सुधारतात.

नेटिव्ह ॲक्सेस उघडतानाच अडत असेल तर सर्व्हिसेसमध्ये 'एनटीके डीमन' चालू आहे का ते बघा.

आणि कुणीच न विचारलेली गोष्ट: घड्याळ. नव्या बोर्डावर तारीख चुकलेली असू शकते. तारीख चुकली की सर्व्हरची सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि मॅनेजर 'सर्व्हरशी संपर्क नाही' म्हणतो. मग माणूस फायरवॉलच्या मागे लागतो. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे 'सिंक नाऊ'. प्लग काढून ठेवल्यावर तारीख पुन्हा मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल बदला.

अनामसूर

एवढे करण्यापेक्षा क्रॅक टाका, मीही...

खर्ज४८

इथे नको. आणि नैतिकता बाजूला ठेवली तरी तांत्रिक नुकसान आहे. क्रॅक टाकणारे इन्स्टॉलर विंडोजच्या होस्ट फाइलमध्ये लायसन्स सर्व्हरचे पत्ते अडवणाऱ्या ओळी लिहून ठेवतात. पुढे खरे लायसन्स घेतले तरी ते ॲक्टिव्हेट होत नाही. संगणक जुना, हातोहात फिरलेला असेल तर ही फाइल जरूर उघडून पाहा: सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम ३२, ड्रायव्हर्स, ईटीसी. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. त्यात लायसन्स कंपन्यांच्या नावाच्या ओळी दिसल्या तर काढून टाका.

पंचमदा

धागा भरकटवत नाही, एकच विचारतो. मॅकवर लॉजिक (ॲपलचे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर) आहे. मॅकओएस अपडेट केल्यावर तीन जुने प्लगइन गायब. हेच कारण?

ध्वनिमुद्रित

बहुधा नाही. लॉजिकच्या सेटिंग्जमध्ये प्लगइन मॅनेजर उघडा, ते तीन प्लगइन 'फेल्ड' दिसतात का पाहा. दिसत असतील तर निवडून 'रीसेट अँड रीस्कॅन' करा. यादीतच नसतील तर होम फोल्डरच्या लायब्ररीतील कॅशेसमधून 'ऑडिओ युनिट कॅश' काढून मॅक रीस्टार्ट करा. प्लगइन फक्त इंटेलसाठी बनलेले आणि मॅक ॲपल सिलिकॉनचा (ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरचा) असेल तर ते रोझेटावर, म्हणजे इंटेलची सॉफ्टवेअरे चालवून देणाऱ्या ॲपलच्या सोयीवर, चालतात. ॲपलने रोझेटाची सर्वसाधारण सोय मॅकओएस २७ पर्यंतच ठेवणार असल्याचे जाहीर केले आहे, तेव्हा त्या तिघांना पर्याय आताच शोधा. बाकी प्रश्न असल्यास वेगळा धागा काढा.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे आभार. कुठवर आलो ते सांगतो.

तारीख चुकलेली होती, सिंक केल्यावर मॅनेजर सर्व्हरला लागला. कॉम्प्रेसर दुसऱ्या ॲक्टिव्हेशनवर चालू. लायब्ररीची डिस्क ई ची जी झाली होती, अक्षर परत दिल्यावर तबला-तानपुरा वाजू लागले. संचाच्या बाबतीत फेडरखाली यांचे बरोबर निघाले, लायसन्स मागच्या आवृत्तीचे आणि बसवली पुढची. जुना इन्स्टॉलर उतरवतो आहे. रिव्हर्बच्या कंपनीला बिलासकट मेल केला.

शुक्रवारपर्यंत उत्तर आले नाही तर काय करू? त्या रिव्हर्बची १४ दिवसांची ट्रायल मी पूर्वीच वापरली आहे.

रेंडरवाला

रिव्हर्बचा मूळ प्लगइन ऑफलाइनच ठेवा, काढू नका. त्याच बसवर खाली रिपरचाच रिआव्हर्ब लावा आणि एखाद्या हॉलचा इम्पल्स रिस्पॉन्स (त्या जागेच्या घुमाऱ्याची नोंद असलेली फाइल) टाका. ढोलाला लांब शेपटी नकोच असते. दीड सेकंदाच्या आतला इम्पल्स घ्या, प्री-डिले २० ते ३० मिलिसेकंद, आणि बसवर रिव्हर्बच्या आधी १५० हर्ट्झच्या खालचे कापणारा हाय-पास, नाहीतर २२ ट्रॅकचा घुमारा एकत्र होऊन ताशाची काडी ऐकू येणार नाही. जुन्या मिक्सचे एखादे रेंडर असेल तर ते वेगळ्या ट्रॅकवर ठेवून कानाने जुळवा. लायसन्स सुटले की रिआव्हर्ब बंद, मूळ ऑनलाइन.

खर्ज४८

आणि कंपनीने ॲक्टिव्हेशन मोकळे करून दिले की ते पुन्हा थेट संगणकावर टाकू नका. यूएसबी आयलॉक घेऊन त्यावर टाका, मग बोर्ड दहा वेळा बदलला तरी फरक पडत नाही. डोंगल पुढच्या पोर्टला लावू नका, पाय किंवा खुर्ची लागून तुटते. कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा, आणि बसपॉवरवर चालणाऱ्या स्वस्त हबमध्ये तर नकोच.