११ महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो

भाऊ, घर भाड्याने देताना ११ महिन्यांचा करार स्टॅम्पवर नोटरी केला की झालं का, असं तुम्ही विचारलंय. नाही होत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर ठराविक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही, तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. शिवाय ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, मग टाळायचं कशाला?

दुसरं, आपल्या खान्देशातला कूलर. भुसावळला माझ्या खोलीत भाडेकरूने तो थेट खिडकीत बसवला. उन्हाळाभर पाणी झिरपलं. जूनमध्ये बघतो तर खिडकीखालचा गिलावा फुगलेला, बोट लावलं की पापुद्रे सुटत होते. डिपॉझिटमधून कापायला गेलो तर तो म्हणाला, ‘आधीपासूनच होतं.’ माझ्याकडे पुरावा काहीच नव्हता. आता लोखंडी स्टँड मीच बाहेरून लावून देतो, आणि किल्ली देताना प्रत्येक भिंतीचा फोटो भाडेकरूला व्हॉट्सॲपवर पाठवतो.

घरपट्टीची पावती मात्र जपून ठेवा. ती वजा करून उरलेल्या भाड्यावर आयकरात ३० टक्के सरसकट वजावट मिळते.