बाबांची बॅट, बूट, चढाईचा रोप... काय करू?

प्रश्न – लेक
बाबांना जाऊन पाच महिने झाले. माणूस अगदी घरवेडा, काम संपलं की सरळ घरी, आणि सुट्टी असली की मैदान नाहीतर डोंगर, पण आम्हाला सोडून कधीच नाही, भाऊ दोन वर्षांचा होता तेव्हा त्याला पाठीवर घेऊन चढलेत. माळ्यावर त्यांची बॅट, ट्रेकिंगचे बूट, रोप, स्लीपिंग बॅग सगळं तसंच आहे. आई म्हणते कुणालातरी देऊन टाक, वापरात येईल. माझा हातच होत नाही. बुटाच्या लेसला त्यांनी मारलेली गाठ अजून तशीच आहे हो, ती कशी सोडवू? तुम्ही काय केलंत?

उत्तर – जुना ओपनर
ताई, गाठ सोडवू नका, घाई काय आहे. बॅट भिंतीवर टांगून ठेवू नका, पोरांना खेळू द्या. इतके महिने पडून असेल तर लाकूड कोरडं झालं असेल, आधी रॉ लिनसीड ऑइलचा (जवसाच्या कच्च्या तेलाचा) अगदी पातळ हात समोरून आणि कडांना फिरवा, हँडलच्या जोडाला लावायचं नाही, आणि रात्रभर आडवी ठेवा. तेल जास्त झालं तर बॅट जड आणि मऊ पडते.

उत्तर – डोंगरवाट
रोप मात्र कुणालाही चढाईसाठी देऊ नका, प्लीज. नायलॉन आतून कमकुवत होतं ते वरून दिसत नाही, न वापरलेला रोपसुद्धा १० वर्षांनंतर बाद धरतात. काका गेल्यावर आम्ही त्यांचा रोप कापून हात-हात लांबीचे तुकडे केले आणि घरातल्या प्रत्येक पोराला एकेक दिला, काकांनी शिकवलेल्या गाठी त्यावरच मारतात, माझी पुतणी तर डोळे मिटून बोलाइनची गाठ मारते. बूटही कुणाला देण्याआधी बघा, पडून राहिले की सोल आतून भुसभुशीत होतो आणि ऐन वाटेत सुटून येतो.

उत्तर – मधली फळी
वस्तूंचं होईल निवांत. आधी त्यांच्या टीममधल्या लोकांना गाठा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. मी वर्षभर उद्या-उद्या केलं आणि तेवढ्यात माझ्या बाबांचा विकेटकीपर गेला, बाबा मैदानावर कसे होते ते त्यालाच सगळ्यात जास्त माहीत होतं.

लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल तेल आणलं. मी लावायला घेणार तर आईनेच बॅट मांडीवर घेतली, तासभर फडक्याने पुसत होती, मग म्हणाली स्लीपिंग बॅग दे कुणाला हवी तर, ही राहू दे.