ब्रूम: उंट, मोती आणि पर्यटकांकडून घ्यायचा कर

दर्यावर्दी:

मे महिना उजाडला की पर्थमधल्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर ब्रूमचे फोटो सुरू होतात. केबल बीच, ओळीने चाललेले उंट, मागे लालभडक सूर्य. फोटो छानच असतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण हे लोक चार दिवस राहून आल्यावर गावाबद्दल काय सांगतात? "मोत्यांचं गाव आहे, दुकानं मस्त आहेत, महाग आहेत." संपलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रूम पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर आहे, पर्थपासून रस्त्याने साधारण 2,200 किलोमीटर. 1883 मध्ये वसवलं आणि तेव्हाचे गव्हर्नर फ्रेडरिक ब्रूम यांचं नाव दिलं. मोत्यांचं गाव म्हणतात, पण पैसा होता तो शिंपल्यात. युरोप-अमेरिकेतल्या शर्टांची बटणं त्या शिंपल्यांची बनत. मोती निघाला तर वरची कमाई. पहिल्या महायुद्धाच्या आधी इथे लगर म्हणतात त्या शिडाच्या 400 च्या आसपास होड्या होत्या.

हे शिंपले काढले कुणी? सुरुवातीला आदिवासींना अक्षरशः पकडून आणलं. बायकांना, त्यातही गरोदर बायकांना पाण्यात उतरवलं, कारण त्या जास्त वेळ श्वास रोखू शकतात अशी मोतीवाल्यांची समजूत होती. हंगाम सुरू होईपर्यंत माणसांना लॅसेपीड बेटांवर नेऊन डांबायचे. पुढे डायव्हिंगचे सूट आले आणि त्यात जपानी, मलाय, तिमोरी, फिलिपिनो माणसं घातली गेली. 1901 पासून देशभर 'गोऱ्यांचा ऑस्ट्रेलिया' हे धोरण होतं, तरी मोतीधंद्याला त्यातून सूट! 1912 मध्ये सरकारच्या आग्रहावरून बाराएक इंग्रज माजी नौसैनिक डायव्हर आणून पाहिले. त्यातला एक त्याच वर्षी बेंड्सने, म्हणजे खोल पाण्यातून घाईने वर आल्यावर होणाऱ्या आजाराने, दगावला आणि तो प्रयोग गुंडाळला. जपान्यांसाठी मात्र कुणी काही गुंडाळलं नाही. त्यांच्या दफनभूमीत 900 हून जास्त माणसं आहेत. बेंड्स, चक्रीवादळं, बुडून मेलेले.

माझं मत असं की प्रत्येक पर्यटकाकडून मुक्कामामागे एक ठरावीक कर घ्यावा आणि तो थेट यावुरू समाजाच्या, म्हणजे तिथल्या मूळ मालकांच्या, संस्थांकडे जावा. गावाची गोष्ट काय सांगायची आणि कशी सांगायची, हे त्यांनी ठरवावं. आत्ता ती मोत्याच्या दुकानातली सेल्सगर्ल ठरवते.

निवांत:

सुट्टीवर गेल्यावरही अपराधी वाटायला हवं का? आधीच पर्थ–ब्रूम विमानाचं तिकीट बालीपेक्षा महाग, आता वर कर. लोक बालीलाच जातील.

खारा वारा:

दर्यावर्दी, धागा चांगला आहे, पण निष्कर्षाशी अजिबात सहमत नाही.

मी ब्रूममधल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये काम केलंय. गाव पर्यटनावर जगतं म्हणजे काय ते सांगतो. मे ते ऑक्टोबर सोळा तासांची शिफ्ट. नोव्हेंबरात ढग जमायला लागले, समुद्रात विषारी जेलीफिश आले की एकेक जण बॅग भरतो. शेफ जातो, वेटर जातात, निम्मा मेनू खोडला जातो. जानेवारीत किचनमध्ये आम्ही दोघं आणि एक फ्रीज. पाच-सहा महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढायचं. त्यात 2023 च्या जानेवारीत पुराने फिट्झरॉय क्रॉसिंगचा पूल मोडला आणि पूर्वेकडचा रस्ताच तुटला. या गावावर अजून एक कर?

आणि इतिहास लपवलाय हे कुठून आणलंत? रोबक बेच्या, म्हणजे गावालगतच्या उपसागराच्या, काठावर पुतळा आहे. पाण्यातून वर येणारी आदिवासी बाई, गरोदर, हातात शिंपला. गावातल्या कुठल्याही कार्यालयाच्या आवारात नाही, जिथे लोक संध्याकाळी फिरायला येतात तिथेच उभा केलाय. जपानी दफनभूमी रस्त्याला लागून आहे, कुलूप नाही, तिकीट नाही. किनाऱ्यावरच्याच दगडाच्या त्या शिळा, त्यांवर उभी जपानी अक्षरं. कितीतरी जण वाकायामा प्रांतातल्या ताइजी गावचे. ज्याला बघायचंय त्याला सगळं दिसतं. ज्याला नाही, त्याच्याकडून पैसे घेतल्याने दिसणार आहे का?

उलट पर्यटन नसतं तर हे उरलंच नसतं. 1950 च्या दशकात प्लास्टिकची बटणं आली आणि शिंपल्याचा धंदा बसला. गाव मरायला टेकलं होतं. 1980 च्या दशकात अलिस्टर मॅकाल्पाइन नावाच्या ब्रिटिश लॉर्डने पैसा ओतला, मोतीवाल्यांचे जुने पत्र्याचे बंगले दुरुस्त केले, केबल बीचवर रिसॉर्ट काढलं. सन पिक्चर्स हे 1916 चं उघड्यावरचं थिएटरही त्याने विकत घेतलं होतं. तिथे आजही कापडी खुर्चीत बसून सिनेमा बघता येतो, आणि मध्येच डोक्यावरून विमान इतकं खालून जातं की संवाद ऐकू येत नाही.

दर्यावर्दी:

सन पिक्चर्सचं नाव तुम्हीच काढलंत, बरं झालं. तिथे अनेक दशकं वंशानुसार बसवत. मधल्या चांगल्या जागा गोऱ्यांच्या, आशियाई लोक वेगळे, आदिवासींना बाजूचा वेगळा दरवाजा. भरतीचं पाणी आत शिरायचं आणि लोक पाय वर घेऊन सिनेमा बघायचे, हा किस्सा मात्र प्रत्येक गाईड रंगवून सांगतो. वेगळ्या दरवाजाचा किस्सा किती जण तितक्याच चवीने सांगतात?

मॅकाल्पाइनबद्दल म्हणाल तर 1989 मध्ये वैमानिकांचा संप झाला, विमानं बंद पडली आणि त्याचा सगळा डोलारा डळमळला. एका माणसाच्या पैशावर आणि एका विमान कंपनीच्या वेळापत्रकावर उभं असलेल्या गावाला 'पर्यटनाने वाचवलं' म्हणायचं का, तुम्हीच ठरवा.

बखरीतला उंदीर:

दोघांनाही थोडं थांबवतो. आदिवासींना पकडून पाण्यात उतरवण्याचा मोठा काळ 1860 आणि 70 च्या दशकातला आहे, आणि त्याचं केंद्र होतं दक्षिणेकडचं कॉसॅक बंदर. ब्रूम 1883 चं. 1870 च्या दशकात त्यावर कायदेही झाले, पाळले किती हा भाग वेगळा. ब्रूम वाढलं ते प्रामुख्याने सूट घातलेल्या आशियाई डायव्हरांच्या जिवावर. म्हणून कर लावायचाच असेल तर तो फक्त यावुरूंना का? ताइजीला का नाही? तिमोरला का नाही?

आणि ब्रूमच्या इतिहासात 3 मार्च 1942 चा उल्लेखही न करता चर्चा चाललीये याचं नवल वाटतं. जावा जपानच्या हाती पडत होतं, तिथली डच कुटुंबं फ्लाइंग बोटींनी, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांनी, पळून ब्रूमला येत होती. सकाळी रोबक बेमध्ये पंधरा फ्लाइंग बोटी होत्या, काहींच्या आत बायका-मुलं इंधन भरायची वाट बघत बसलेली. तिमोरहून नऊ जपानी झिरो लढाऊ विमानं आली आणि तासाभरात बंदरातल्या बोटी आणि धावपट्टीवरची विमानं जाळून गेली. किमान 88 माणसं मेली. ब्रूमचे जपानी रहिवासी तेव्हा गावात नव्हतेच, युद्ध सुरू झाल्यावर त्यांना पकडून छावण्यांत टाकलं होतं. ज्यांनी पन्नास वर्षं या गावासाठी समुद्राच्या तळाशी जीव घातला, ते.

अगदी खोल ओहोटीला त्या बोटींचे सांगाडे आजही चिखलात दिसतात. भरती-ओहोटीतला फरक नऊ-दहा मीटरपर्यंत जातो, तेव्हा भरतीचं वेळापत्रक न बघता जाऊ नये.

दर्यावर्दी:

कॉसॅकबद्दल बरोबर आहे, पण लॅसेपीड बेटं ब्रूमच्याच उत्तरेला आहेत, आणि तो पुतळाही कॉसॅकला नाही, ब्रूमला आहे. गावाने ती जबाबदारी स्वतः घेतलीये, आपण कशाला हात झटकायचे?

यावुरूंनाच का? कारण जमीन त्यांची आहे. मी म्हणतोय म्हणून नाही, 2006 मध्ये फेडरल कोर्टाने त्यांचा हक्क मान्य केला, आणि 2010 मध्ये राज्य सरकारशी करार झाला. तुम्ही ज्या किनाऱ्यावर टॉवेल टाकून पडता त्याच्या मागचा टेकड्यांचा पट्टा त्यांच्या सह-व्यवस्थापनात आहे. घरमालकाला भाडं द्यायचं की नाही यावर चर्चा होत नाही.

सड्यावरची:

मी रत्नागिरीची. हा धागा वाचताना मला सारखी जेम्स प्राइस पॉइंटची आठवण येत होती, आणि कुणीच त्याचं नाव घेतलं नाही.

ब्रूमच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर गॅसचा प्रचंड प्रकल्प येणार होता. त्या बदल्यात मूळ मालकांना 30 वर्षांत सुमारे 1.5 अब्ज डॉलरचे फायदे. आणि इथे गंमत आहे. विरोध करणारे सगळे आदिवासी आणि पाठिंबा देणारे सगळे गोरे, असं मुळीच नव्हतं. 2011 मध्ये दावेदार गटात मतदान झालं आणि बहुमताने करार मान्य झाला. किंबर्ली लँड कौन्सिल, म्हणजे या भागातल्या आदिवासींच्या जमीनहक्कांसाठी काम करणारी संस्था, कराराच्या बाजूने होती. त्यांचं म्हणणं, पिढ्यान्‌पिढ्या सरकारी मदतीवर जगलो, आता आमच्या हातात पैसा येऊ दे, शाळा, घरं, नोकऱ्या येऊ देत. दुसरी बाजू म्हणत होती की ही आमच्या पूर्वजांची वाट आहे, इथे काँक्रीट चालणार नाही. घराघरांत फूट पडली. रस्त्यावर ठिय्या, पोलीस, सगळं. शेवटी 2013 मध्ये वुडसाइड कंपनीने खर्च परवडत नाही म्हणून माघार घेतली.

याच भांडणातून एक चांगली गोष्ट निघाली. तिथल्या गुलाराबुलू लोकांनी शास्त्रज्ञांना बोलावून किनाऱ्यावरच्या डायनासोरच्या पाऊलखुणा दाखवल्या. त्यांना त्या आधीपासून माहीत होत्याच, त्यांच्या कथांमध्ये आहेत. 2017 मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. 21 प्रकारच्या खुणा, एक पाऊल तर 1.7 मीटर लांब. माणूस त्यात आडवा झोपेल.

त्यामुळे मला प्रश्न पडतो. पर्यटन वाईट म्हणता, ठीक. पण पर्यटन नको असेल तर गॅस यायला टपलेलाच आहे. आमच्याकडे नाणार आणि बारसूच्या वेळी नेमकी हीच पंचाईत झाली. "रिफायनरी नको, पर्यटन हवं" म्हणणाऱ्यांनी नंतर पर्यटनासाठी काय केलं ते मी रोज बघते.

निवांत:

आलं का नाणार! दहावा प्रतिसाद यायच्या आत कुठलाही धागा कोकणात उतरवायची पैज लागलेली असते का?

सड्यावरची:

निवांत, किनारा दिसला की कोकण आठवणारच. तुम्ही बालीला जा.

खारा वारा:

सड्यावरची ताई, तुमच्या मुद्द्याला शंभर टक्के. दर्यावर्दींना हेच सांगायचंय. पर्यटनाला शिव्या घालताना त्याच्या जागी काय येणार हे बघा. मोत्याच्या शेतीत आता माणसं किती लागतात? मोठ्या शिंपल्यात मणी घालून मोती वाढवायचं तंत्र 1956 मध्ये कुरी बे इथे सुरू झालं, जपान्यांच्याच भागीदारीत. कार्नार्व्हन स्ट्रीटवर त्यांच्यातल्या कुरिबायाशी आणि इवाकी यांचे पुतळे ऑस्ट्रेलियन भागीदार डुरो यांच्या शेजारी उभे आहेत. आता ती कामं मोजक्या लोकांची आहेत. गावातल्या तरुणाला नोकरी मिळते ती हॉटेलात, बोटीवर, टूर कंपनीत.

वाटाड्या:

उंटांबद्दल एक आगाऊपणा. ऑस्ट्रेलियात उंट आणले गेले ते बहुतेक ब्रिटिश हिंदुस्थानातून, कराचीच्या वाटेने, 1860 पासून पुढे. सोबत आले उंटवाले: बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण, राजस्थानी. सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणायचे. वाळवंटातली तार, रेल्वे, खाणी यांचं सामान या लोकांनी वाहिलं. ट्रक आले तसे उंट मोकळे सोडले, ते रानटी झाले. आज केबल बीचवर ज्या उंटावर बसून आपली मंडळी सेल्फी काढतात, त्याचे पूर्वज आपल्याच उपखंडातले. उंटवाल्यांना मात्र कित्येकदा गावाबाहेर वेगळ्या वस्तीत राहावं लागायचं. दर्यावर्दी, तुमच्या कराच्या यादीत त्यांच्या नातवंडांनाही घ्या, म्हणजे आकडा कुठे पोचतो ते कळेल.

दर्यावर्दी:

टोमणा पोचला. पण माझ्या यादीत सगळे नाहीत, एकच नाव आहे. जमिनीचा मालक एकच असतो, कामगार अनेक. कामगारांच्या आठवणी जपाव्यात, पण भाडं मालकाला.

आणि खारा वारा, पर्यटनाला मी शिव्या घातल्या नाहीत. नोकऱ्या त्याच्यामुळेच आहेत हे मान्य. पण तुमच्याच किचनमधले किती जण ब्रूममध्ये जन्मलेले होते? ऑक्टोबर संपला की बॅग भरून जाणारे कोण होते?

खारा वारा:

बहुतेक बॅकपॅकर. मीही त्यातलाच. गावातल्या लोकांना त्या कामावर घेत नाहीत असं नाही. त्यांना सहा महिन्यांची नोकरी नको, बाराही महिन्यांची हवी, आणि ती हॉटेल देऊ शकत नाही. शिवाय सीझनमध्ये घरभाडं इतकं चढतं की पाळणाघरातल्या ताईलाही गावात खोली मिळत नाही. तुमच्या कराने यातलं काय सुटतं, ते मला अजून कळलेलं नाही.

बखरीतला उंदीर:

त्याच कराच्या पैशातून यावुरूंनी भाड्याची घरं बांधली तर सुटेल की. जमीन त्यांच्याकडे आहेच. इतिहास सांगायलाच पैसा खर्च व्हावा ही अट दर्यावर्दींची, यावुरूंची नाही. त्यांना पाट्यांपेक्षा घरं हवी असतील तर?

दर्यावर्दी:

तर घरं. म्हणूनच म्हटलं, ठरवायचं त्यांनी.

निवांत:

ठीक आहे, दहा डॉलर देईन. पण रविवारी रात्री 'चंद्राचा जिना' बघायचा प्लॅन आहे, पौर्णिमेनंतरची ओहोटी, ओल्या चिखलावर चांदण्याच्या पायऱ्या दिसतात तो. टाउन बीचवर गर्दी किती असते, गाडी कुठे लावायची, ते आधी कुणीतरी सांगा.

खारा वारा:

सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा. त्या रात्री तिथेच बाजार भरतो, त्यामुळे गाडी लांब लावून चालत या. डास चावतात, मलम ठेवा.