'फसलो आहो': अडकणे, रुतणे आणि घोर

मंडळी, शब्द साधाच आहे, 'फसणे'. पण गेला आठवडाभर तो डोक्यातून जात नाही.

पुण्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यांचा फोन आला होता. कामाचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाकी कसं चाललंय?" तोंडातून निघून गेलं, "फसलो आहो इथं." ते एकदम सावध झाले. "कुणी फसवलं? पैशाचं काही आहे का?" कुणीच फसवलं नाही, हे पटवण्यात पुढची पाच मिनिटं गेली.

त्यांचीही चूक नाही. तिकडे फसणे म्हणजे फसवणूक होणे, नाहीतर बेत वाया जाणे: कट फसला, प्रयोग फसला. आमच्या नागपुरात हे अर्थ आहेतच, शिवाय तिसरा रोजच्या बोलण्यातला. गाडी गाऱ्यात फसते, बोट दारात फसतं, कुलपात किल्ली फसते. (गारा म्हणजे आमच्याकडे चिखल. आभाळातून पडतात त्या गारा वेगळ्या.) हिंदीच्या शेजारामुळे हा अर्थ इथे मुरला, हे उघड आहे. तरी त्याला उसना म्हणायला मन तयार होत नाही. फास, फाशी, फासेपारधी ही त्याच कुळातली मंडळी मराठीत कधीची नांदताहेत. फासात पाय सापडलेलं हरीण अडकलेलंही असतं आणि फसवलं गेलेलंही. दोन्ही अर्थ तिथे एकाच गाठीत आहेत, आणि ओढलं की गाठ आवळते.

आता माझ्यापुरतं. बुटीबोरीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या लेखा विभागात मला नऊ वर्षं झाली. सकाळी सात वीसला छत्रपती चौकातून बस, मग वर्धा रोड, मग तीच व्हाउचरं. काम जड नाही, पण त्यात माझं म्हणावं असं काही उरलेलं नाही. राजीनामा दोनदा लिहून ठेवलाय, पाठवलेला नाही. घरी बाबा आजारी आहेत. या दुखण्याला आता उतार नाही, असं डॉक्टरांनी दिवाळीनंतर स्पष्ट सांगितलं. बाबांचं नाव कंपनीच्या विम्यात आहे. त्यामुळे नोकरी सोडता येत नाही, आणि पुण्याची बदली चालून आली तर तीही घेता येत नाही.

याला मराठीत काय म्हणावं? 'कोंडी' लावून पाहिला. पण कोंडीला कोंडणारा लागतो, चारी बाजूंनी कुणीतरी उभं असावं लागतं. म्हणूनच ती 'फोडता' येते. माझ्याभोवती कुणी उभं नाही. 'कुचंबणा' जवळचा वाटला. गरज आहे आणि ती चारचौघांत बोलायची सोय नाही, असा त्याचा रंग. स्वच्छतागृह नसलेल्या बसस्थानकावर बायकांची कुचंबणा होते, ही बातमीतली जागा त्याची अगदी नेमकी. 'त्रिशंकू अवस्था' म्हणावी, तर त्रिशंकूला निदान विश्वामित्राने अधांतरी थोपवून धरलं होतं.

राहिला 'खोळंबा'. गाडी पुढे जाणार आहे, फक्त वाट मोकळी व्हायची आहे, असा भरवसा त्या शब्दात आहे. व्याकरणाने तोच माझ्या स्थितीला सगळ्यात चपखल बसतो. पण माझी वाट कशाने मोकळी होणार, ते मला ठाऊक आहे. म्हणून तो शब्द मी उच्चारत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. 'फसणे'चा हा अर्थ विदर्भाबाहेर कुठवर जातो? आणि जे नुकसान अजून झालेलं नाही पण होणार हे माहीत आहे, त्याच्या दुःखाला आपल्याकडे शब्द आहे का?

प्रतिसाद, अकोल्याहून

भाऊ, आमच्याकडेही 'फसणे' सर्रास. पण बंडीच्या चाकाला 'रुतणे' हा शब्द जास्त खरा. काळ्या मातीत ते रोजचंच. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात चाक बसलं की बैलांना मारून उपयोग नसतो, ते जितकं ओढतील तितकं चाक खाली जातं. आमचे आजोबा आधी बंडीतला माल उतरवायचे, मग चाकाखाली पऱ्हाटी टाकायचे. कर्णाच्या रथाचं चाक 'फसलं' असं कुणी म्हणत नाही, रुतलंच म्हणतात. रुतण्यात कुणाचा डाव नसतो, जमीनच तशी असते. तुमचं वाचून मला तरी 'रुतलो' हाच शब्द सुचला.

प्रतिसाद, नागपूर, धरमपेठ

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. मानसोपचारात यासाठी 'अँटिसिपेटरी ग्रीफ' अशी संज्ञा आहे. एरिक लिंडेमन या मानसोपचारतज्ज्ञाने 1944 मध्ये तिच्याबद्दल लिहिलं, युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या घरच्यांच्या संदर्भात. माणूस जिवंत असतानाच घरचे त्याचा शोक करून बसतात आणि तो परतला तर त्याला जागा उरलेली नसते, असं त्याचं निरीक्षण. मराठीत 'पूर्वशोक' असा शब्द करता येईल, पण मला तो पटत नाही. पूर्वतयारी, पूर्वसूचना यांच्या रांगेत तो बसतो, आणि दुःखाची तयारी करून ठेवता येते असं वाटायला लागतं.

आपल्याकडे यासाठी क्रियापदं चांगली आहेत. धसका 'घेतात', तो एका क्षणाचा असतो. डॉक्टरांचं वाक्य ऐकलं त्या क्षणाचा. हाय 'खातात', आणि हाय खाल्लेला माणूस स्वतःच खचत जातो. रुखरुख मागच्या गोष्टीची असते, धाकधूक निकालाची, आणि निकाल दोन्हीकडे लागू शकतो तोवरच ती टिकते. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर 'घोर'. जिवाला घोर लागतो. तो कुणी घेत नाही, खात नाही, लागतो. तहान लागावी तसा. आणि ज्याचा घोर लागलाय तो माणूस जिवंत असावा लागतो. गेलेल्या माणसाचा घोर लागत नाही. माझ्या आईच्या शेवटच्या सात महिन्यांत माझी मावशी रोज फोनवर म्हणायची, "तुझाही घोर लागलाय गं मला." तेव्हा मला वाटायचं, आजारी तर आई आहे, माझा कशाला? आता कळतं.

मूळ धाग्यावरून

ताई, 'घोर' घेतला. शोक करायला अजून माणूस जायला हवा, घोर मात्र आजचा आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लिंडेमनचं वाचून धस्स झालं, हेही लिहून ठेवतो. बाबांच्या खोलीत जायचं मी हल्ली टाळत होतो. बसमधून उतरलो की चहाच्या टपरीवर अर्धा तास काढायचो, आणि त्याला दमणूक म्हणायचो.

काल टपरीवर थांबलो नाही. बाबांना अकोल्याचा प्रतिसाद वाचून दाखवला. बाबा काटोलकडचे; वीस वर्षं शेती करून मग शहरात आले. उशी पाठीमागे सरकवून मागितली, डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण एक नाहीत." मग दम घेत सांगितलं, "फसली म्हणजे आपल्याच जोडीनं निघते. रुतली म्हणजे शेजाऱ्याची जोडी बोलवा लागते."

मग बराच वेळ बैलांचीच गोष्ट निघाली. त्यात एक पांढरा होता, नदीत उतरायचा नाही. आईने दोनदा जेवायला हाक मारली.

फसणे आणि रुतणे यांतला हा फरक मी कुठे वाचलेला नाही. आणखी कुणाच्या गावी असं म्हणतात का? काटोल, नरखेड, वरूड भागातल्यांनी जरूर लिहा. बाबा रोज संध्याकाळी विचारतात, कुणाचं काही आलं का.