मदत हवी आहे: चोक बंद केला की ट्रेल बाईक बंद पडते

पुन्हा_चिखलात (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर ऑफ-रोडिंग परत सुरू करतोय. त्यासाठी एक वापरलेली ट्रेल बाईक घेतली. दिसायला झकास, चेसिस सरळ, रिम सरळ. पण चोक ओढून किक मारली की पहिल्या किकला चालू, आणि चोक आत ढकलला की दोन-चार सेकंदांत फुस्स. रेस देत राहिलो तर धरून राहते, सोडली की मेली. नवा प्लग टाकून झाला, जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं. येत्या रविवारी जुन्या ग्रुपबरोबर जायचं ठरलंय, त्यामुळे "मेकॅनिकला दाखवा" हे उत्तर कृपया नको. नक्की काय करू तेवढं सांगा.
ता. क. पुढचा एक शॉकअप जरा तेलकट दिसतो. तेवढं चालतं ना?

पाना_दहाचा
कुठली गाडी, किती सीसी, टू-स्ट्रोक की फोर? किती काळ उभी होती? आधीच्या मालकाने काही बदललंय का? "एक ट्रेल बाईक" एवढ्यावर निदान करायला पत्रिका मांडावी लागेल.

पुन्हा_चिखलात
फोर-स्ट्रोक, अडीचशे, एअर कूल्ड, अर्थातच कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा कार्ब). उभी होती बराच काळ, नक्की किती ते विकणाऱ्यालाही आठवत नव्हतं. आता सांगा.

जुना_किकर
टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधला गॅप. डोळे झाकून सांगतो. माझ्याकडची गाडी अशीच त्रास द्यायची, टॅपेट सेट केले आणि लोण्यासारखी चालायला लागली. व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत गेले की गॅप कमी होत जातो, हे लोकांना माहीतच नसतं. इंजिन पूर्ण गार असताना फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. आजकाल फीलर गेज कोणाच्या घरी नसतो म्हणा.

पाना_दहाचा
किकरकाका, टॅपेट आवळले असते तर गाडी सुरू व्हायलाच रडली असती, विशेषतः गरम झाल्यावर. इथे पहिल्या किकला उठतेय. चोक म्हणजे जास्तीचं पेट्रोल. ते आहे तोवर चालते, काढलं की मरते, याचा सरळ अर्थ असा की आयडलला, म्हणजे रेस न देता चालताना, पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त शिरतेय. टॅपेट बघावेतच, पण नंतर.
धागाकर्ते, स्लो जेट, म्हणजे आयडलचं पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा भाग, तुंबलाय. गाडी उभी राहिली की बाऊलमधलं, म्हणजे कार्बच्या तळाच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राळेसारखा थर उरतो. इथेनॉलवालं पेट्रोल असेल तर ते ओलावाही ओढतं. रेस दिल्यावर पेट्रोल देणाऱ्या मेन जेटचं भोक मोठं असतं, तो तगून जातो. स्लो जेटचं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, आधी तोच बंद होतो. म्हणून रेस दिली की चालते.

जुना_किकर
बघा म्हणजे बघा. मी आपला अनुभव सांगितला.

सुसाट_संथ
विकून टाका आणि इंजेक्शनवाली (कार्बऐवजी पंपाने पेट्रोल फवारणारी) घ्या. डोंगरात उंची बदलली तरी पेट्रोल-हवेचं मिक्श्चर आपोआप जुळतं, हे कार्ब-बिर्ब कोण साफ करत बसणार.

पाना_दहाचा
आणि आडरानात इंजेक्शनच्या गाडीचा फ्युएल पंप गेला की काय करणार? कार्ब निदान दगडावर बसून एका स्क्रू ड्रायव्हरने उघडता येतो.

सुसाट_संथ
पंप कधी गेलाय तुमचा? उगाच भीती घालायची.

टायरवेडा
मुळात टायर कुठले आहेत ते कोणीच विचारलं नाही! साईडवॉलवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १४०९ म्हणजे २००९ चा चौदावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी एवढं जुनं रबर टणक होतं, ओल्या दगडावर साबण. ट्यूबवाले असतील तर मातीत १२ ते १५ पीएसआय ठेवा. त्याखाली गेलात तर दगडावर रिम आपटून ट्यूबला दोन भोकं पडतात, सापाने चावल्यासारखी. फार कमी हवेवर चालवायची असेल तर टायर रिमला दाबून धरणारा रिम लॉक हवाच, नाहीतर टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून येतो.

पुन्हा_चिखलात
टायर ठीक आहेत हो. माझा प्रश्न चोकचा आहे. पाना, जेट कसा साफ करायचा? तारेने खरवडू का?

पाना_दहाचा
तार नको! जेट पितळी, मऊ असतो. लोखंडी तार घासली की भोक मोठं होतं आणि मग सगळं ट्युनिंग गेलं. असं करा:
पेट्रोल कॉक बंद. बाऊलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल बाटलीत घ्या. बाऊलचे स्क्रू बहुधा जपानी क्रॉसचे असतात, साध्या फिलिप्सने घसरतात आणि डोकी खराब होतात. बिट नीट बसतोय ना ते बघून, दाबून फिरवा. बाऊल निघाला की मधल्या खांबात मेन जेट दिसेल. शेजारच्या खोल भोकात स्लो जेट असतो, त्याला बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर लागतो, पूर्ण रुंदीचा. जेट काढून उजेडासमोर धरा. गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. नुसतं "थोडं दिसतंय" चालत नाही. रात्रभर कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, मग हवा मारा. जेट काढलेल्या भोकातून स्प्रे मारलात की थ्रॉटलच्या फुलपाखराजवळच्या बारीक छिद्रांतून बाहेर आला पाहिजे, तरच मार्ग मोकळा. आणि कार्ब डायफ्रामवाला (आत रबरी पडदा असलेला) असेल तर स्प्रेच्या आधी वरचं झाकण उघडून डायफ्राम काढून ठेवा. रबर फुगलं की कार्ब गेला समजा.

सहा_तारी
गिटारची सगळ्यात बारीक तार चालते. पाव मिलिमीटरच्या आसपास असते. आम्ही सगळे तीच वापरतो.

पाना_दहाचा
पोलादीच असते ना ती? नको म्हटलं की नको. फार तर ब्रशचा नायलॉनचा केस.

सहा_तारी
जेटच्या भोकापेक्षा तार बारीक असेल तर ती घासणार कशाला? नुसती आरपार घालायची, फिरवायची नाही. तुमच्या नायलॉनच्या केसाने राळ निघत नाही, मी करून पाहिलंय.

अल्ट्रासॉनिक_भाऊ
दोघेही सोडा. चष्मे धुवायचं छोटं अल्ट्रासॉनिक मशीन, गरम पाणी, दोन थेंब भांडी धुण्याचं लिक्विड. विषय संपला.

पुन्हा_चिखलात
उघडला. बाऊलच्या तळाला हिरवट खरपुडी. स्लो जेटमधून उजेड शून्य. भिजत घातलाय. तार आणि केस दोन्ही आणून ठेवलेत, भांडू नका.

मिक्श्चर_मास्टर
कार्ब उघडलाच आहे तर मिक्श्चर स्क्रूही काढा. आधी हलकेच आत फिरवून किती फेऱ्यांनी टेकतो ते मोजून लिहून ठेवा, आवळू नका. मग काढा. त्याच्यासोबत स्प्रिंग, बारीक वॉशर आणि चिमुकली ओ-रिंग यायला हवी, याच क्रमाने, ओ-रिंग सगळ्यात आत. ती बऱ्याचदा भोकातच चिकटून राहते, आणि लोक नसलेली समजून दुसरी घालतात. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, बरोबर उलटं. सुरुवात दीड ते दोन फेऱ्यांपासून करा.

पुन्हा_चिखलात
अपडेट. स्क्रू इंजिनच्या बाजूला होता, त्याच्यावरचं पितळी बूच आधीच कोणीतरी काढलेलं. ओ-रिंग नव्हतीच, आत टॉर्च मारून बघितलं. नवी टाकली. गाडी चोकशिवाय चालतेय!! पण आता वेगळीच गंमत. रेस सोडली की आरपीएम पटकन खाली येत नाही, वरच लटकून राहतो, मग हळूहळू उतरतो. सायलेन्सरमधून फटफटही. तसा सायलेन्सर बाहेरचा बसवलेला आहे आणि एअर बॉक्सचं (एअर फिल्टरच्या डब्याचं) झाकण आधीच्या मालकाने कापलंय, पण त्याचा काही संबंध नसावा.

पाना_दहाचा
संबंध नसावा?? मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं, काही बदललंय का म्हणून!

मिक्श्चर_मास्टर
हवा वाढवली, जेट मूळचेच. लटकणारा आरपीएम म्हणजे मिक्श्चर लीन, पेट्रोल कमी. स्लो जेट एक नंबर मोठा लागेल, बहुधा मेनही. पण जेट मागवण्याआधी कार्ब आणि इंजिनच्या हेडच्या मधलं रबर बघा. गाडी आयडलला ठेवून त्या रबरावर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर तिथून हवा चोरतेय. सायलेन्सर तापलेला नसताना, आणि हाताशी आग विझवायची सोय ठेवून.

जुना_किकर
आणि टॅपेट.

हाडं_सांभाळा
अवांतर: गाडीचं चाललंय ते ठीक, पण तुमचे जुने बूट आणि हेल्मेट? कपाटात ठेवलेल्या बुटाचा सोल चिकटवलेला असेल तर पहिल्या उतारावर सोलून हातात येतो. हेल्मेटच्या आतलं थर्माकोल टिचलेलं असेल किंवा फोम भुगा होत असेल तर नवं घ्या. आणि पहिल्याच दिवशी जुन्या ग्रुपच्या वेगाने जाऊ नका. हँडल घट्ट आवळून अर्ध्या तासात कोपरापुढचे हात दगड होतात, मग क्लच ओढायलाही बोटं उघडत नाहीत. टाकी गुडघ्यांनी धरा, हात सैल.

टायरवेडा
+१. आणि टायरचे आकडे बघितले का?

शॉकअप_शामराव
तेलकट शॉकअपबद्दल कोणी बोललंच नाही. तो चालत नाही! तेल ओघळून पुढच्या डिस्कवर आणि पॅडवर गेलं की ब्रेक गायब. डस्ट सील खाली सरकवा, फोटोच्या जुन्या निगेटिव्हची पट्टी आकड्यासारखी कापून आतल्या सीलच्या ओठाखालून गोल फिरवा. बऱ्याचदा वाळूचा कण अडकलेला असतो, तो निघाला की गळती थांबते. नळीवर गंजाचा खड्डा असेल तर मात्र नवं सीलही तो कापत राहील. पॅडला तेल लागलं असेल तर धुवत बसू नका, बदला.

पुन्हा_चिखलात
फवारा मारला, आवाज चढला. रबर काढलं तर खालच्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे, नखभर चीर. रबर आणि एक नंबर मोठा स्लो जेट मागवलाय, रविवारच्या आत येत नाही. निगेटिव्हने वाळू निघाली, शॉकअप पुसून ठेवलाय, परत तेल येतं का बघतो. डिस्कवर तेल नव्हतं.
टायर: २३११.

टायरवेडा
२३११!! आणि "ठीक आहेत हो" म्हणत होता.

सहा_तारी
जेट शेवटी कशाने साफ केला ते सांगितलं नाहीत.

पुन्हा_चिखलात
तारेने. केस आत जाईना.

पाना_दहाचा
नवा जेट येतोय म्हणून वाचलात. रबर बसवल्यावर मिक्श्चर स्क्रू परत पहिल्यापासून लावा, आत्ताचं सेटिंग त्या चिरेसकट केलेलं आहे. रविवारी ग्रुपमध्ये कोणाची जादा गाडी आहे का विचारा.

जुना_किकर
गॅप मोजलात की आकडे टाका इथे, इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही.