डोळा लागतो न लागतो तोच धाडकन आवाज, मदत हवी आहे

शेवंती_०७
कोणाला अनुभव असेल तर पटकन सांगा, १२ दिवस झाले मी नीट झोपलेले नाही. रात्री पडलं की डोळा लागतो न लागतो तोच धाडकन आवाज येतो, सिलिंडर फुटावा तसा, आणि मी ताडकन उठून बसते. छाती धडधडते, मान घामाने भिजते. उठून स्वयंपाकघरात जाते, रेग्युलेटर बंद आहे ना ते हाताने चाचपते, शेगडीजवळ वाकून वास घेते, मग गॅलरीतून खाली बघते तर सगळं सामसूम. परत येऊन पडले की अर्ध्या तासात पुन्हा तेच. काल तीनदा झालं. उपाय सांगा प्लीज, आणि झोपताना मोबाईल बघू नका हे सांगू नका, ते करून झालंय.

गोदाकाठ
कितव्या मजल्यावर राहता ते लिहिलं नाहीत. आमच्या सोसायटीत असाच दणका बसायचा, वरच्या टाकीत पाणी चढवून पंप बंद झाला की पाईपमधलं पाणी एकदम थांबतं आणि धक्का भिंतीतून जातो, वॉटर हॅमर म्हणतात त्याला. आम्ही नॉन रिटर्न व्हॉल्व बदलला, पाईपला दोन ठिकाणी क्लॅम्प मारले, आवाज गेला. पंप किती वाजता बंद होतो ते आधी बघा.

निवांत_वाचक
डोकं उत्तरेला करून झोपता का? आधी दिशा बदला, बाकी सगळं नंतर.

शेवंती_०७
पंप सकाळी सहाला लावतात. डोकं पूर्वेला आहे. अहो आवाज पाईपचा नाहीये, मला कळतं तेवढं.

रातवा
ताई, तीन गोष्टी सांगा. घरात बाकी कोणाला हा आवाज ऐकू येतो का? तो बाहेरून येतो असं वाटतं की डोक्याच्या आतून? आणि त्या वेळी किंवा नंतर डोकं दुखतं का?

शेवंती_०७
नाही ना येत कोणाला, म्हणून तर विचारतेय! मिस्टर शेजारी झोपलेले असतात, मुलगी पलीकडे, दोघंही हलत सुद्धा नाहीत. आवाज आत, डोक्याच्या मागच्या बाजूला. दुखत अजिबात नाही. एकदा आवाजाबरोबर डोळ्यांपुढे पांढरा लखलखाट झाला, बंद डोळ्यांना. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, ऑडिओमेट्री नॉर्मल. ते म्हणाले टेन्शन घेऊ नका. टेन्शन कोण हौसेने घेतं का.

रातवा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, निम्मे प्रतिसाद वाचले असते. तुम्ही सांगताय ते सगळं एक्सप्लोडिंग हेड सिंड्रोमशी जुळतं. नाव भयंकर आहे पण फुटत बिटत काही नाही. मलाच होतं हे, कॉलेजपासून, माझ्या वेळी दार आपटल्यासारखा आवाज येतो. न्यूरॉलॉजिस्टने मला समजावलं ते असं, की झोप लागताना मेंदूचे हालचालीचे, ऐकण्याचे, बघण्याचे भाग क्रमाक्रमाने शांत होत जातात, मेंदूच्या देठात त्याचं नियंत्रण असतं, आणि हा क्रम कधी अडखळला की ऐकण्याचा भाग शांत व्हायच्या ऐवजी क्षणभर एकदम पेटतो असा अंदाज आहे. पक्कं कारण अजून सिद्ध नाही. पण आजार जुना आहे, अमेरिकेतल्या वेअर मिचेल नावाच्या डॉक्टरांनी १८७६ मध्येच अशा रुग्णांबद्दल लिहून ठेवलंय, आणि हे आत्ताचं नाव १९८८ मध्ये पियर्स या ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्टने दिलं. दुखत नाही हीच त्याची मोठी खूण. मला तर हे काय आहे ते कळल्यावरच निम्म्याने कमी झालं, कारण आधी मी आता येईल मग येईल म्हणून वाट बघत पडायचो आणि त्यानेच झोप तुटायची.

माळरान_८१
एवढं मोठं नाव कशाला द्यायचं, हे साधं दचकणं आहे. झोप लागताना पायरी चुकल्यासारखं होऊन पाय झाडला जातो ना, तेच. माणूस झाडावर राहायचा तेव्हा खाली पडू नये म्हणून मेंदू झटका देऊन जागं करायचा, ती सवय राहिली. सगळ्यांना होतं.

रातवा
दचकण्यात अंग हलतं, यांना आवाज येतोय. दोन्ही एकाच वेळी, झोपेच्या उंबरठ्यावरच होतात आणि एकाच माणसाला दोन्ही होऊ शकतात, पण गोष्ट वेगळी. आणि ते झाडाचं म्हणजे एक कल्पना आहे, पुरावा म्हणून सांगू नका.

माळरान_८१
मग तुमच्या मेंदूच्या देठाचा तरी कुठे पुरावा आहे, तुम्हीच वर अंदाज म्हणालात. मी ३० वर्षं ट्रक चालवलाय, पेंग आणि दचकणं काय असतं ते मला नवीन नाही.

पिवळी_शेवगा
आमच्या आजीकडे याला सरळ उत्तर होतं, उशाखाली विळा. मला बारावीत असताना पहाटे जाग यायची, डोळे उघडे, सगळं दिसतंय पण हात उचलत नाही, ओरडायला जावं तर आवाज नाही आणि छातीवर कोणीतरी बसलंय. आजी म्हणायची मुंजा आहे. विळा ठेवला आणि महिन्याभरात बंद झालं. हसू नका कोणी, मी तेव्हा खरंच घाबरलेले होते आणि त्या लोखंडाचा आधार वाटायचा.

ओसाकाहून
पिवळी_शेवगा ताई, हसणार कसं, मला इथे आल्यावर पहिल्या वर्षी झालं तेच. ऑफिसात सांगितलं तर जपानी सहकारी लगेच म्हणाला कानाशिबारी. शब्दाचा अर्थच धातूने जखडणं असा आहे. म्हणजे तुमच्याकडे लोखंडाने सुटका आणि इथे धातूनेच बांधलेलं. स्वप्नं पडतात त्या झोपेत अंग मुद्दाम लुळं ठेवलेलं असतं, नाहीतर आपण स्वप्नातलं पळणं अंथरुणातच पळू. मन आधी जागं झालं आणि अंग मागे राहिलं की हे होतं, काही सेकंद ते फार तर काही मिनिटं. मला उताणं झोपल्यावर जास्त व्हायचं, कुशीवर झोपायला लागलो आणि कमी झालं. झालंच तर सगळं अंग हलवायला जाऊ नका, फक्त एक बोट हलवायचा प्रयत्न करा.

गोदाकाठ
घोरतात का त्या? माझ्या साडूला रात्री श्वास अडकायचा, स्लीप टेस्ट केली, मशीन लावलं, माणूस बदलला. एकदा तपासून घ्यायला काय हरकत आहे.

शेवंती_०७
मी घोरत नाही आणि माझ्या छातीवर कोणी बसत नाही. कृपया आवाजाबद्दल बोला. रातवा, तुमचं वाचून जरा धीर आला, पण तुम्हाला कॉलेजपासून आहे, मला आत्ताच अचानक का? वय ३८ आहे माझं, आधी असं कधीच झालं नव्हतं.

अंकगणित
काम काय करता? मार्च एंडला आमच्याकडे सगळ्यांच्याच झोपेची वाट लागते. मी डोळे मिटले की एक्सेलच्या रांगा वर सरकताना दिसायच्या, खरंच दिसायच्या, आठवण नव्हे. नंतर वाचलं की २००० साली हार्वर्डच्या स्टिकगोल्ड यांनी लोकांना टेट्रिस खेळायला लावून तपासलं होतं, झोप लागताना लोकांना ठोकळे पडताना दिसले, आणि ज्यांना मेंदूच्या इजेमुळे आपण खेळलो हेच आठवत नव्हतं त्यांतल्याही काहींना ठोकळे दिसले.

शेवंती_०७
हो, अकाउंट्सच बघते, महिनाभर रात्री एक वाजेपर्यंत काम होतं. चहा वाढलाय, शेवटचा साडेदहाला.

माळरान_८१
झालं, मिळालं कारण. चहा बंद करा.

अंकगणित
बंद कशाला, दुपारी चारनंतर घेऊ नका म्हणजे झालं. कॅफीन अर्धं उतरायलाच पाच तासांच्या आसपास लागतात, साडेदहाचा चहा साडेतीनला सुद्धा अंगात आहे.

औषधवाली
मी फार्मासिस्ट आहे, मेडिकल चालवते. शेवंतीताई, कुठल्या गोळ्या चालू आहेत?

शेवंती_०७
कुठलीच नाही.

औषधवाली
आधी चालू होती आणि आता बंद केलीत, असं काही?

शेवंती_०७
हो, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. मागच्या वर्षी वडील गेले, त्यानंतर मला गर्दीत गुदमरायला व्हायचं, तेव्हा डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी दिली होती. ८ महिने घेतली, बरं वाटायला लागलं, कामाच्या गडबडीत संपली तेव्हा पुन्हा आणलीच नाही. बंद होऊन तीन आठवडे झाले. त्रास गोळी घेताना झाला असता तर समजू शकते, बंद केल्यावर कसा होईल?

औषधवाली
नाव एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम असं दोन्ही मिळून आहे का? पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात बघा. आणि दिवसा मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं झुंई होतं का?

शेवंती_०७
हेच नाव आहे. आणि हो, होतं!! डोळे बाजूला फिरवले तरी होतं. मला वाटलं मानेचा मणका. तुम्हाला कसं कळलं?

औषधवाली
कारण आमच्या काउंटरवर दर महिन्याला कोणीतरी हेच सांगायला येतं. ताई, या गोळ्या एकदम थांबवल्या की मेंदूला धक्का बसतो, ते करंट त्याचेच, आणि झोप लागतानाचा स्फोटाचा आवाजसुद्धा या गोळ्या अचानक सोडल्यावर झाल्याच्या नोंदी आहेत. तुमच्या बाबतीत तेच आहे असं मी छातीठोक सांगणार नाही, जागरण आणि चहाही आहेच. पण कळकळीने सांगते, क्लोनाझेपाम आपल्या मनाने कधी सोडू नये, काही जणांना फिट येते. आता घाबरून जुनी गोळी आपल्या मनाने सुरूही करू नका. ज्यांनी दिली त्यांनाच भेटा, पाकीट सोबत न्या आणि बंद केल्याची तारीख सांगा. ते ठरवतील पुन्हा देऊन हळूहळू उतरवायची की आणखी काही. आणि मध्ये कधी अचानक असह्य डोकं दुखलं, हातापायातली ताकद गेली, बोलणं अडखळलं किंवा अंग ताठ होऊन शुद्ध हरपली तर कोणाच्या उत्तराची वाट न बघता थेट हॉस्पिटल.

निवांत_वाचक
मनाच्या गोळ्या मुळात घेऊच नयेत, सवय लागते. पहाटे उठून अर्धा तास प्राणायाम करा.

औषधवाली
प्राणायाम जरूर करा. पण वडील गेल्यावर ज्या माणसाला श्वास घेता येत नव्हता तिला गोळीने उभं केलं, त्याबद्दल तिला अपराधी वाटेल असं कृपा करून लिहू नका. एस्सिटालोप्रामची नशा नसते. क्लोनाझेपामची सवय लागू शकते, म्हणून तर डॉक्टरांच्या हातानेच सोडायची.

शेवंती_०७
मी खरंच हे सांगणार नव्हते. घरात सुद्धा फक्त मिस्टरांना माहितीये. सोमवारची वेळ घेतलीये.

सांजवेळ
मी नुसती वाचत होते, राहवलं नाही म्हणून विचारते. मला आवाज नाही, पण रात्री पडलं की पोटऱ्यांच्या आत काहीतरी सरपटल्यासारखं होतं, दुखत नाही पण पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, उठून चाललं की थांबतं, दिवसा काहीच नाही. हे पण यातलंच का?

रातवा
नाही, हे वेगळं, याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात. नवीन धागा काढा ताई, इथे हरवेल.

औषधवाली
इथेच सांगते. रक्तातलं फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासून घ्या, नुसतं हिमोग्लोबिन नको, ते ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं. या त्रासात ७५ च्या वर असलेलं बरं. आणि सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या घेत असाल तर त्यांनी हे वाढतं.

शेवंती_०७
जाऊन आले. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच भीती होती. गोळी पुन्हा सुरू केलीये, उतरवायचा तक्ता लिहून दिलाय, पुढच्या महिन्यापासून दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी कमी. न्यूरॉलॉजिस्टला पण एकदा दाखवून ये म्हणाले. करंट जवळपास गेले. आवाज गेला नाही, पाच दिवसांत दोनदा आला, पण दुसऱ्या वेळी मी स्वयंपाकघरात गेले नाही. मिस्टरांना हलवून फक्त "आला" म्हटलं, त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मी तशीच पडून राहिले, नंतर कधी झोप लागली ते कळलं नाही.

गोदाकाठ
बरं वाटलं वाचून. चहाचं काय केलंत?

शेवंती_०७
चारला शेवटचा. साडेदहाला गरम दूध घेते, मुलीबरोबर.

सांजवेळ
औषधवाली ताई, फेरिटिन ११ आलं. हिमोग्लोबिन १२.१ आहे, म्हणून इतकी वर्षं कोणी पुढचं तपासलंच नव्हतं. उद्या डॉक्टरकडे जातेय.